सहावीला कोणती शाळा? गावातली की तालुक्याची?

पाचवीचा निकाल हाती आला, की मराठवाड्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत सहावीला बसवावे, की तालुक्याच्या गावी हायस्कुलात घालावे? मुदखेड तालुक्यातील आपल्या कुटुंबांपुढेही दर वर्षी हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही शाळा शासनाच्याच, दोन्हीकडे शिक्षण मोफत, पुस्तके बालभारतीचीच. मग फरक कोणता? आणि तो कसा ओळखावा? पुष्कळदा इमारतीच्या रंगावरून, शेजाऱ्याच्या मुलावरून किंवा 'सेमी-इंग्रजी' या एका शब्दावरून निर्णय घेतला जातो. ज्या तीन वर्षांवर मुलाचे पुढचे शिक्षण अवलंबून असते, त्या वर्षांसाठी एवढा आधार पुरेसा नाही. या प्रश्नाचा शांतपणे विचार कसा करावा, हे पालकांना समजावे म्हणून हा लेख.

ही निवड कोठून आली?

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी शाळांवर उर्दूचा वरचष्मा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, त्यानंतर येथे मराठी शिक्षणाला वेग आला. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. राज्याच्या इतर अनेक भागांत माध्यमिक शाळा प्रामुख्याने खासगी संस्थांनी चालवल्या. मराठवाड्यात मात्र जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कुले, म्हणजेच 'प्रशाला', मोठ्या गावांत उभी राहिली. त्यामुळे आपल्याकडच्या पालकांना एकाच जिल्हा परिषदेच्या दोन शाळांत निवड करावी लागते. एक आपल्या गावची, सातवी किंवा आठवीपर्यंतची. दुसरी तालुक्याची किंवा बाजाराच्या गावची, दहावीपर्यंतची.

सहावीपासून काय बदलते?

पाचवीपर्यंत बहुधा एकच शिक्षक वर्गाला सर्व विषय शिकवतात. मूल त्यांना ओळखते, तेही मुलाला ओळखतात. सहावीपासून सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल ही स्वतंत्र पुस्तके येतात. गणितात अक्षरे येतात, ऋण संख्या येतात. मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषा एकाच वेळी पेलाव्या लागतात. प्रत्येक विषय जाणणारा शिक्षक आता हवा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवी हा शालेय शिक्षणाचा वेगळा टप्पा मानला, त्यामागेही हाच विचार आहे.

याच वयात मुले-मुली मोठी होऊ लागतात. मुलीच्या शाळेत वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, वाट सुरक्षित आहे का, हे प्रश्न आता पुढे येतात. शाळा सुटण्याची सुरुवातही अनेकदा येथेच होते. कोणी एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो, मग गणित कळेनासे होते, आणि पुढच्या वर्षी नावच नोंदवले जात नाही. म्हणून शाळा निवडताना 'कोणती शाळा मोठी?' असे विचारण्यापेक्षा 'कोणत्या शाळेत माझे मूल रोज जाईल आणि तेथे त्याला शिकवणारा असेल?' असे विचारावे.

कायद्याने दोन्ही शाळांत समान काय आहे?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला तो लागू आहे. सहावी ते आठवीसाठी या कायद्यातील पुढील गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात.

या तीन वर्गांसाठी प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक असावा. त्यांपैकी विज्ञान-गणितासाठी एक, सामाजिक शास्त्रांसाठी एक आणि भाषांसाठी एक असावा. दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा. या वर्गांची पटसंख्या १०० पेक्षा अधिक असेल, तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण तसेच कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. वर्षात किमान २२० दिवस शाळा भरावी आणि १,००० तास अध्यापन व्हावे.

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एका शाळेतून दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाताना मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शारीरिक शिक्षेला बंदी आहे. शिक्षकांनी खासगी शिकवण्या घेण्यासही बंदी आहे.

आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. दुपारचे भोजनही दोन्ही शाळांत मिळते. ही योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे तिचे प्रमाण आहे. म्हणून 'तालुक्याला अधिक मिळते' किंवा 'गावात काहीच मिळत नाही' हे समज बाजूला ठेवावेत. हक्क सारखेच आहेत. ते प्रत्यक्षात कोठे पाळले जातात, एवढेच पाहावयाचे आहे.

पहिली कसोटी : शिकवणार कोण?

सर्वांत आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना नम्रपणे एक प्रश्न विचारावा : "सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित कोण शिकवते?" जिल्हा परिषद शाळांत या वर्गांसाठी पदवीधर विषय शिक्षकांची पदे असतात. पद मंजूर आहे का, ते भरलेले आहे का, आणि ते शिक्षक प्रत्यक्ष येथेच शिकवतात की दुसऱ्या शाळेत पाठवलेले आहेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय परतू नये.

येथे पटसंख्येचा मुद्दा समजून घ्यावा लागतो. दर वर्षी 'संच मान्यता' होते, म्हणजे पटसंख्या पाहून शिक्षकांची पदे ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष अधिक कडक झाले, आणि सहावी ते आठवीची पटसंख्या वीसच्या खाली असलेल्या शाळांतील शिक्षकपदांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचारही शासनाने मांडला होता. म्हणून गावातील शाळेत या तीन वर्गांत मिळून किती मुले आहेत आणि यंदाच्या संच मान्यतेत किती पदे मिळाली, हे अवश्य विचारावे. आज शिक्षक आहेत, पण पुढच्या वर्षी पद राहणार नाही अशी स्थिती असेल, तर ती आधी कळलेली बरी.

तालुक्याच्या शाळेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात असतो. तेथे शिक्षक अधिक असतील, पण एका वर्गात किती मुले बसतात? मागच्या बाकावरच्या मुलाची वही कोण तपासते? शक्य असल्यास चालू वर्षातील एखाद्या मुलाची गणिताची वही पाहावी. वहीवर शिक्षकांची सही आणि दुरुस्ती नियमित दिसली, तर त्या शाळेविषयी फलकावरील घोषवाक्यांपेक्षा अधिक कळते.

दुसरी कसोटी : रोजची वाट

महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी. तालुक्याची शाळा याहून दूर असेल, तर तेथे जाणे ही आपली निवड ठरते आणि तिची किंमत वेळेने मोजावी लागते.

साधा हिशेब करून पाहावा. जाण्यायेण्याला आणि बसची वाट पाहण्याला मिळून रोज दीड तास लागत असेल, तर २२० दिवसांत ३३० तास होतात. वर्षाच्या १,००० तासांच्या अध्यापनाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. एवढा वेळ खर्च करून तालुक्याला गणित-विज्ञानाचा चांगला शिक्षक मिळत असेल, तर तो खर्च योग्य आहे. केवळ इमारत मोठी म्हणून तो करू नये.

ग्रामीण भागातील मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मुलांना सवलतीचा मासिक पास मिळतो. पण पास असून उपयोग नाही, बस असली पाहिजे. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळेला गाडी आहे का? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तर ती येते का? मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. मुलाच्या रस्त्यात रूळ किंवा फाटक लागत असेल, तर तो रस्ता पालकांनी स्वतः एकदा मुलासोबत शाळेच्या वेळेत चालून पाहावा. या भागात फुलशेती मोठी आहे. ज्या घरी पहाटे फुलतोडणी असते, तेथे मूल किती वाजता मोकळे होते, याचाही प्रामाणिक विचार व्हावा. लांबच्या शाळेची सकाळची गाडी चुकली, की त्या दिवसाची शाळाच बुडते.

ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीच्या कामासाठी जी कुटुंबे दिवाळीनंतर स्थलांतर करतात, त्यांच्यासाठी आणखी एक प्रश्न आहे. गावातील शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होते का? या योजनेत आईवडील बाहेरगावी असताना मूल गावातच नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था केली जाते. ही सोय असेल, तर गावची शाळा अशा मुलासाठी अधिक भक्कम आधार ठरते.

तिसरी कसोटी : किती वेळा शाळा बदलावी लागेल?

गावची शाळा कोणत्या वर्गापर्यंत आहे, हे पाहावे. ती सातवीपर्यंतच असेल, तर आठवीला शाळा बदलावी लागेल. आठवीपर्यंत असेल, तर नववीला. तालुक्याच्या हायस्कुलात सहावीला प्रवेश घेतला, तर दहावीपर्यंत बदल नाही. प्रत्येक बदलात मूल काही महिने बुजते. शांत स्वभावाच्या मुलाला हे अधिक जड जाते. दुसरीकडे, अकराव्या वर्षी एकट्याने प्रवास करणे आणि चौदाव्या वर्षी करणे यांतही मोठा फरक आहे.

सेमी-इंग्रजीचा प्रश्न याच ठिकाणी येतो. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून. सहावीला हा वर्ग निवडला, तर पुढच्या शाळेत दहावीपर्यंत तो आहे का, हे आधी विचारावे. तीन वर्षे इंग्रजीतून गणित शिकून नववीला पुन्हा मराठीतून शिकावे लागले, तर मुलाचा गोंधळ होतो. शिकवणाऱ्या शिक्षकांना तो विषय इंग्रजीतून समजावता येतो का, की मूल केवळ शब्द पाठ करते, हेही पाहावे. न समजलेल्या इंग्रजीपेक्षा समजलेले मराठी गणित मुलाला पुढे अधिक उपयोगी पडते.

या वर्षांत दोन संधी असतात, त्यांची तयारी कोणती शाळा करून घेते तेही विचारावे. पहिली शिष्यवृत्ती परीक्षा. पूर्वी ती चौथी व सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय झाला. दुसरी, आठवीला होणारी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय परीक्षा, जिला एनएमएमएस म्हणतात. तीत निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक संस्थेच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. नववीपासून मोफत पुस्तके व भोजन थांबते, तेव्हा ही रक्कम गरीब घराला मोठा आधार देते.

बिलोली तालुक्यातील शंकरनगर येथे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा देऊन तेथे सहावीला प्रवेश मिळतो. प्रयत्न जरूर करावा. परंतु संपूर्ण जिल्ह्यासाठी तेथे जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यामुळे निवड झाली नाही, तर मुलाला अपयशी म्हणू नये आणि दुसऱ्या शाळेचा विचार निकालापर्यंत लांबवू नये.

चौथी कसोटी : आपले मूल आज कोठे आहे?

शाळेविषयी इतके प्रश्न विचारले, तर एक प्रश्न घरातही विचारावा. मुलाला तिसरीच्या मराठी पुस्तकातील एक उतारा वाचायला द्यावा आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगावे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या सर्वेक्षणातही अशीच साधी पद्धत २००५ पासून वापरली जाते. मूल अडखळत असेल, तर त्याला मोठ्या वर्गातील गर्दीपेक्षा लक्ष देणाऱ्या शिक्षकांची आणि उन्हाळ्याच्या सुटीत रोज अर्धा तास सरावाची गरज आहे. २०२३ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू झाली असून, पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते. त्यामुळे ही कच्ची बाजू आठवीपर्यंत झाकून ठेवता येणार नाही. मूल सहज वाचत असेल व त्याला पुढे जाण्याची ओढ असेल, तर मोठ्या शाळेतील ग्रंथालय, प्रयोगशाळा व मैदान यांचा त्याला लाभ होईल.

चारही कसोट्या एकत्र पाहता

गावातील शाळेत विज्ञान-गणिताचे शिक्षक प्रत्यक्ष शिकवत असतील, पदे टिकून असतील आणि मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय असेल, तर मुलाला आठवीपर्यंत गावातच ठेवावे. वाचलेला वेळ अभ्यासाला व खेळाला मिळतो, मूल घराच्या नजरेत राहते, आणि हायस्कुलात ते अधिक समजूतदार वयात जाते. मात्र शिक्षकांचे पद रिकामे असेल आणि ते भरण्याचे चिन्ह नसेल, तर केवळ जवळ आहे म्हणून मुलाला तेथे बसवून ठेवणे योग्य नाही. सोयीची बस व चांगली सोबत असल्यास तालुक्याच्या शाळेत घालावे. मुलगा असेल तर तालुक्याला आणि मुलगी असेल तर गावात, हा नियम मात्र कोणत्याही घरात नसावा. मुलीसाठी वाट अवघड असेल, तर चार मुलींनी मिळून जाण्याची सोय पालकांनी करावी. वाटेच्या अडचणीमुळे तिचे शिक्षण तोडू नये.

एखादे कुटुंब मुलाला गावच्या शाळेतून काढते, तेव्हा पट एकाने कमी होतो. अशी पाच-सहा कुटुंबे झाली, की पद जाते, आणि ज्यांना बसचा किंवा वेळेचा खर्च परवडत नाही, त्यांची मुले शिक्षकाविना उरतात. आपल्या मुलाचे हित पाहणे हे पालकांचे पहिले कर्तव्यच आहे. परंतु निर्णय एकेकट्याने घेण्याआधी पाचवीच्या सर्व पालकांनी एकदा एकत्र बसावे. पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विषय शिक्षकाची लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाचा विनियोग पाहणे हे या समितीचे काम आहे. आपल्या धर्मग्रामातील माताभगिनींनी या समितीत बसण्यास संकोच करू नये.

कागदपत्रे आणि धर्मशिक्षण

शाळा बदलताना दाखल्यावरील प्रत्येक नोंद वाचून घ्यावी. आपल्या कुटुंबांत बाप्तिस्म्याचे नाव एक, घरचे नाव दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे असे पुष्कळदा होते. नाव, जन्मतारीख, धर्म व जात यांच्या नोंदी जन्मदाखल्याशी व इतर कागदपत्रांशी जुळतात का, हे पाहावे. मूल शाळेत शिकत असताना दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यानंतर ती फार कठीण होते आणि पुढे शिष्यवृत्ती व प्रवेश अडतात.

संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण दिले जात नाही. म्हणून दोन्हींपैकी कोणतीही शाळा निवडली, तरी श्रद्धेचे शिक्षण घरात आणि धर्मग्रामातच द्यावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीच्या आपल्या जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलाचे पहिले शिक्षक मानले आहे. शाळा बदलली तरी ही जबाबदारी बदलत नाही.

शाळा जूनमध्ये सुरू होते. निर्णयासाठी मे महिन्याची अखेर गाठू नये, कारण सुटीत शाळा बंद असते आणि वर्ग पाहता येत नाहीत. मार्चमध्येच, शाळा भरलेली असताना, दोन्ही ठिकाणी एकेक दिवस जाऊन यावे. जाताना मुलालाही सोबत न्यावे. रोज त्या वाटेने त्यालाच जायचे आहे, तेव्हा त्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे.